डेक्कन कॉलेजचं म्युझियम, एका दातांच्या डॉक्टरच्या नजरेतून

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय म्हटलं की 'मडकीच असणार' म्हणून लोक टाळतात. मडकी आहेतच. पण इनामगावच्या काही मडक्यांत माणसं होती.

इनामगाव म्हणजे आपल्या शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं. १९६८ ते १९८३ तिथे डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची दोनशेहून जास्त दफनं निघाली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ, आणि खड्डा घरातल्याच जमिनीखाली. "मामा, वर तेच लोक झोपायचे?" भाच्याने विचारलं. हो, तेच.

मोठ्यांना उताणं पुरायचे, पण घोट्यापासून पाय तोडून. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. एक चाळिशीचा पुरुष मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला मिळाला, पाय शाबूत. गावचा प्रमुख असावा म्हणतात. बड्यांना नियमातून सूट तेव्हाही होती तर!

मी रेंगाळलो ते दातांपायी. जॉन लुकाक्स आणि डॉ. सुभाष वाळिंबे या जुन्या हाडा-दातांच्या अभ्यासकांनी हे सांगाडे अभ्यासलेत, ते वाचून जा, मग बघण्यात मजा आहे. या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर ओठाच्या बाजूने बारीक खळगा आढळतो. दात जबड्यात घडत असताना त्यावरचं हाड कुपोषणाने पातळ राहिलं, की साधा धक्काही आतल्या दाताला लागतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. हाड पुढे स्वतःला दुरुस्त करतं, इनॅमल (दातावरचं कठीण कवच) करत नाही. म्हणून तान्हेपणीची आबाळ दातावर कायमची राहते. असे खळगे मी क्लिनिकमध्येही बघतो. आणि साखर नसूनही इनामगावकरांचे दात किडायचे. पिठूळ धान्यही दातांना चिकटतं. 'आम्ही गोड देतच नाही हो' म्हणणाऱ्या आयांना आता हेच सांगतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. वेळ आधी फोनवर विचारून घ्या. अगदी लहान मुलांना पाय तोडल्याच्या गोष्टी सांगायच्या का, ते आपापलं बघा. आमचा भाचा त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवला.