फ्रिस्को की प्लॅनो : वस्तीच्या अंगाने पाहता

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलसच्या उत्तरेला घर घ्यायचे म्हटले की अनेक मराठी कुटुंबांची यादी शेवटी फ्रिस्को आणि प्लॅनो या दोन नावांवर येऊन थांबते. किमती, मालमत्ता कर आणि शाळांची क्रमवारी प्रत्येकाला तोंडपाठ असते, त्यामुळे ते सोडून येथे केवळ वस्तीचा विचार केला आहे.

फ्रिस्कोची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ३३,७१४ होती, २०१० मध्ये ती १,१६,९८९ झाली आणि २०२० मध्ये २,००,५०९ वर पोहोचली. हा वेग डोळे दिपवणारा असला तरी या भागाला नवा नाही. शेजारचे प्लॅनो १९७० ते १९८० या दशकात १७,८७२ वरून ७२,३३१ वर गेले होते आणि २०२० च्या २,८५,४९४ पर्यंत येताना त्याची वाढ बरीच मंदावली. २०२० च्या जनगणनेत आशियाई वंशाचे लोक दोन्हीकडे साधारण एक चतुर्थांश होते. मात्र फ्रिस्कोत त्यांत भारतीयांचा भरणा मोठा, तर प्लॅनोत चिनी कुटुंबे कितीतरी आधीपासून रुजलेली आहेत. हिस्पॅनिक रहिवासी आणि पासष्टी ओलांडलेली माणसेही प्लॅनोत अधिक.

आम्ही आधी फ्रिस्कोत भाड्याने राहिलो आणि तेथे मला खुपले ते एवढेच, की आमच्या वसाहतीत जवळपास सगळेच एका वयाचे होते. पस्तिशी-चाळिशीतले आईवडील, शाळकरी मुले आणि घरटी एक तरी सॉफ्टवेअरची नोकरी. सकाळी पावणेआठला घराघरांतून एकदमच गाड्या निघत आणि शाळेसमोरच्या रांगेचे शेपूट वसाहतीच्या तोंडापर्यंत येई. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावे तर ग्रीन कार्ड आणि गणिताची शिकवणी यांपलीकडे बोलणे सरकत नसे. (आमचे विषयही तेच होते, ही गोष्ट वेगळी.) प्लॅनोतील आमच्या गल्लीत शेजारचे निवृत्त गृहस्थ जेसी पेनी कंपनीने १९८७ साली न्यूयॉर्क सोडून प्लॅनोला यायचे ठरवले त्या लाटेत आलेले आहेत, समोर तैवानी आजी-आजोबा राहतात आणि दुपारी दोन वाजताही कोणीतरी अंगणात दिसते.

अर्थात या संथपणाची किंमत आहे. मुलांची संख्या घटल्यामुळे प्लॅनोच्या शाळा मंडळाने २०२४ मध्ये चार शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा धाकटे मूल बालवाडीत असेल तर ही बाब नजरेआड करू नये. भारतातून सहा महिने येणाऱ्या आईवडिलांनाही कदाचित फ्रिस्कोच मानवेल, कारण तेथे कार्यसिद्धी हनुमान मंदिर जवळ पडते आणि उद्यानात समवयस्क सोबत मिळते. शिवाय प्लॅनोतील बरीच घरे १९८०-९० च्या दशकांतली आहेत आणि येथील चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून सौदा करण्यापूर्वी पायाची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. आम्ही ती केली, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घेतला आणि मगच सही केली.