जुनी आरएक्स १००: घरी हात घालायचा की गॅरेजला द्यायची?

भाच्याने जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल घेतलीय आणि आता मॉडिफिकेशनवरून अडलाय.

खर्चाचं म्हणाल तर घरी मजुरी वाचते, पण पाने, पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं हत्यार), स्प्रेगन घेता घेता बचत बरीचशी तिथेच जिरते. गॅरेजकडून अंदाज लेखी घ्यावा, नाहीतर आकडा फुगतो.

टिकाऊपणात खरा फरक पडतो. हँडल, सीट, इंडिकेटर घरी बिनधास्त बदला. बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, ओव्हरसाइझ (जरा मोठा) पिस्टन बसवणं मात्र लेथवाल्याचं काम, आणि क्रँक (पिस्टनला जोडलेला, इंजिनात फिरणारा दांडा) तर हायड्रॉलिक प्रेसशिवाय उघडतही नाही. रंगही बाहेरच, अंगणात धूळ बसली की पुन्हा पॉलिशपेपर. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापायची हौस? ती घरीही नको, गॅरेजातही नको.

वेळ घरी जास्त जातो. गॅरेजातही ‘पुढच्या आठवड्यात’ ऐकायची तयारी ठेवा.

कायदा दोन्हीकडे तोच: परवानगी नसलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, कैदही होऊ शकते. रंग बदलला तर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद हवी.

ऑफिसला जायला हीच एक गाडी असेल तर गॅरेज. दारात दुसरी असेल आणि हात काळे करायची आवड असेल तर घरी; इंजिन आणि रंग तेवढे बाहेर.