जुनी टॉप हँडल सॉ गेली, नवीन कुठली घेतली ते सांगतो (बडोदा)

पाच वर्षं चाललेली माझी टॉप हँडल सॉ (झाडावर चढून फांद्या कापायची, हँडल वरच्या बाजूला असलेली छोटी चेनसॉ) या पावसाळ्यात बिघडली, कंपनीचं नाव नाही घेत, पण दांडिया बाजारात एका वाड्यातला आसोपालव (अशोक) उतरवत होतो, चाळीस फुटांवर दोरावर लटकलेलो आणि रेस सोडली की मशीन बंद, पुन्हा दोरी ओढा, पुन्हा बंद, खांदा भरून आला. कार्बोरेटरचा (इंजिनात पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, कडक झालेला. इथेनॉलवाल्या पेट्रोलने असं होतं, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करत जा.

नवीनसाठी दोनच मॉडेल डोक्यात होती. स्टिल एमएस 201 टी 35.2 सीसी, 3.7 किलो, आणि एको सीएस-2511टी 25 सीसी, साधारण 2.3 किलो, दोन्ही वजनं बार (चेन फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून. ताकद स्टिलची जास्त यात वादच नाही, पण माझं जास्त काम गुलमोहर, आसोपालवचं, मनगट ते मांडीएवढ्या फांद्या, म्हणून एको घेतली आणि खरंच खूप खूश आहे. दिवसभर हात लांबवून कापलं तरी संध्याकाळी मनगट शाबूत! तुमच्याकडे वडाची मोठी कामं असतील तर मात्र 201 च घ्या, वडाचा चीक चेनला असा चिकटतो की रॉकेलने पुसल्याशिवाय सुटत नाही, तिथे लहान इंजिन दमतं.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं, लिटरला 20 मिली. आणि हलकी आहे म्हणून एका हाताने अजिबात चालवू नका, दोन्ही हात हँडलवरच पाहिजेत.