जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला फ्लेक्स फ्युएल ट्यूनिंग: तिन्ही ऋतू काढल्यावर

गाडी स्कोडाची पहिल्या पिढीतली ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 टर्बो, कंपनीचा आकडा 150 बीएचपी. तिला फ्लेक्स फ्युएल करून घेतलं, म्हणजे पेट्रोल-इथॅनॉलचं कुठलंही मिश्रण चालावं. मूळच्या बॉश ईसीयूत (इंजिन चालवणारा संगणक) इथॅनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर वाचायची सोय नाही. म्हणून स्टँडअलोन ईसीयू (मूळच्याऐवजी बसवायचा वेगळा), इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर, जास्त फ्लोचा पंप आणि रिटर्न लाईनमध्ये (टाकीकडे परतणाऱ्या इंधनाच्या नळीत) सेन्सर, असा सगळा संसार नाशिकच्या अंबडमधल्या एका गॅरेजात मांडला.

भेटेल तो पहिला विचारतो, पॉवर किती वाढली? बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मी जवळपास होता तिथेच ठेवलाय, कारण टर्बो छोटा आहे आणि क्लच-गिअरबॉक्सचं वय झालंय. पैसे वसूल झाले ते दुसऱ्याच गोष्टीत: टाकीत काय आहे याची काळजी संपली.

नाशिकला पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल. फक्त त्याच्यासाठी एवढा घाट घालू नका, नवे होस आणि एक नीट रिमॅप (मूळ ईसीयूची सेटिंग बदलणं) पुरेसा आहे. माझं कामानिमित्त पुण्याला सारखं जाणं असतं. तिथे जून 2021 मध्येच ई100 चे प्रायोगिक पंप सुरू झाले होते, आणि मार्च 2024 पासून इंडियन ऑइलने ते महाराष्ट्रासह काही राज्यांत निवडक पंपांवर आणलं. नाव ई100 असलं तरी त्यात इथॅनॉल साधारण 93 टक्के, बाकी पेट्रोल वगैरे. पुण्यात टाकी फुल करायची, संगमनेर-सिन्नर करत घरी यायचं, अर्ध्यावर आली की गंगापूर रोडला ई20 टाकायचं. झालं 56 टक्के इथॅनॉल. पुन्हा अर्धी रिकामी करून ई20 भरलं की 38. तिसऱ्यांदा हिशेब कोण ठेवतो?

तो सेन्सर ठेवतो. इथॅनॉल शून्य असेल तर 50 हर्ट्झ, शंभर टक्के असेल तर 150 हर्ट्झ. त्यावरून ईसीयू पेट्रोलचा आणि इथॅनॉलचा मॅप (इंधन किती, ठिणगी कधी याचा तक्ता) यांच्यामधलं प्रमाण धरतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई85 ला 9.8 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन बरंच जास्त जातं. मोठे इंजेक्टर हौस म्हणून घेतलेले नाहीत. मीटर घ्याल तर लॅम्डा (त्या इंधनाला लागते त्याच्या किती पट हवा आहे) दाखवणारा घ्या, एएफआरचे (हवा-इंधन प्रमाणाचे) आकडे मिश्रण बदललं की गोंधळात पाडतात.

फरक कळतो कसारा घाटात. मे महिन्यात दुपारी मुंबईहून वर येताना पूर्वी इंजिन नॉकच्या (इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याच्या) भीतीने ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचं, गाडी घाटातच ढेपाळायची. आता निम्म्याहून जास्त इथॅनॉल असलं की ईसीयूच्या नोंदीत टायमिंग जागचं हलत नाही. इथॅनॉलचा ऑक्टेन (नॉक रोखायची ताकद) जास्त, शिवाय वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं. ई20 वर मात्र गाडी पूर्वीसारखीच, उगाच फुशारकी मारणार नाही.

थंडीत खरी परीक्षा झाली. निफाडकडे पारा घसरतो तेव्हा शहरातही पहाटे हुडहुडी भरते, आणि थंडीत इथॅनॉलची वाफ लवकर होत नाही. स्टार्टर फिरतोय, इंजिन खोकतंय, पकडत नाही. कोल्ड स्टार्टचा मॅप जुळवायला दिवसाला एकच संधी मिळते, कारण एकदा इंजिन तापलं की त्या दिवसाचा खेळ संपला. ट्यूनर बिचारा स्वेटर-कानटोपी घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन सकाळी सकाळी हजर व्हायचा. आता दुसऱ्या सेल्फला लागते. गॅरेज निवडताना हेच विचारा: डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) आकडा काढून देणार, की थंडीत परत येणार?

ऑनलाइन मागवलेल्या फिटिंगमधली ओ-रिंग इथॅनॉलला टिकणारी नव्हती. फुगली आणि बॉनेटखाली वास यायला लागला. विक्रेत्याने फोन उचलणंच बंद केलं. पंधरा-वीस रुपयांच्या रबरापायी गाडी पेटू शकते, तेव्हा टेफ्लॉन अस्तराचे होस आणि चांगली फिटिंग, इथे काटकसर नको. पहिला फ्युएल फिल्टरही लवकर बदला. माझा कापून पाहिला तर आत तपकिरी चिखल. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला थर इथॅनॉलने सोडवून आणला होता.

अ‍ॅव्हरेज पडतंच. ई20 वर दहा देणारी गाडी 56-60 टक्क्यांवर साडेआठ देते. इंजिन ऑइल मी लवकर बदलतो. हिवाळ्यात कॉलेज रोडपर्यंतच्या छोट्या फेऱ्या झाल्या की ऑइल कॅपच्या आतून दुधट साय दिसते, म्हणजे ऑइलमध्ये ओलावा. आणखी एक अडचण म्हणजे स्टँडअलोनमुळे नेहमीचा स्कॅनर इंजिनचं काहीच वाचत नाही. नारायणगावला गाडी बंद पडली तर तिथला मेकॅनिक कितीही हुशार असो, ट्यूनरलाच फोन लावावा लागणार. म्हणून डिकीत केबल आणि एक जुना लॅपटॉप कायम असतो.

पुण्याच्या फेऱ्या नसतील तर सध्या फक्त होस बदला आणि रिमॅप करून घ्या. सेन्सर-ईसीयूचा खर्च जवळच्या पंपावर ई100 येईल तेव्हा करा.