उद्योजकांसाठीचे वैयक्तिक मार्गदर्शन : एक अभिप्राय

आत्मविश्वास वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या कार्यक्रमांची वाण नाही. परंतु पगार, कर्ज आणि ग्राहक यांची जबाबदारी शिरावर असलेल्या माणसाच्या हाती त्यांतून काय लागते, हे क्वचितच कोणी तपासून पाहते. मी घेतलेली मार्गदर्शन सेवा या कसोटीला बऱ्याच अंशी उतरली.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वक्षमतेचा सिद्धान्त हा या सेवेचा पाया आहे. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास सर्वाधिक दृढ होतो तो ते काम प्रत्यक्ष पार पाडल्याने. इतरांना ते करताना पाहणे, कोणी धीर देणे आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था यांचा वाटा त्यानंतरचा. साहजिकच येथे घोषवाक्ये नाहीत. रुबाबदार पवित्र्यात उभे राहिल्याने संप्रेरके बदलतात, या २०१० मधल्या गाजलेल्या दाव्यालाही थारा नाही, आणि ते योग्यच आहे. २०१५ च्या मोठ्या अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही व मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेनेही पुढे त्या दाव्याची साथ सोडली.

मला सर्वांत मोलाची वाटली ती निर्णयांची वही. महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी त्यामागची कारणे, अपेक्षित परिणाम आणि स्वतःची खात्री किती टक्के आहे हे तारखेसह लिहायचे, आणि निकाल लागल्यावर तेच पान मार्गदर्शकासमोर उघडायचे. यश मिळाले की ‘मला आधीच ठाऊक होते’ असे मनाला वाटू लागते आणि अपयश आले की सगळेच चुकले असे. लिहिलेले पान या दोन्ही समजुतींना आळा घालते. आपले अंदाज माणसे निवडताना खरे ठरतात की दर ठरवताना, हेही त्यातूनच उमगते.

दुसरा भाग रंगीत तालमीचा. मार्गदर्शक मोठ्या ग्राहकाची भूमिका घेऊन सवलत मागतात. आपण दर सांगायचा आणि गप्प राहायचे. समोरचा बोलत नाही, कागद चाळत राहतो, आणि ती शांतता असह्य होऊन सवलत देण्याचे शब्द ओठांवर येतात. ते गिळून थांबण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. खऱ्या वाटाघाटीत मला याचा फार उपयोग झाला.

उणीव आहे ती सेवा घेणाऱ्या उद्योजकाविषयी त्याच्या सहकाऱ्यांकडून मागवलेल्या अभिप्रायांच्या हाताळणीत. नावे गुप्त ठेवली जातात हे चांगलेच. पण संपूर्ण अहवाल बैठकीच्या आधीच ई-मेलने पाठवला जातो आणि कठोर शेरे माणसाला एकट्याने वाचावे लागतात. नुकताच तोटा सोसलेल्या किंवा भागीदार गमावलेल्या व्यक्तीसाठी हे घातक ठरू शकते. सेवा घेणाऱ्यांनी हा अहवाल मार्गदर्शकाच्या उपस्थितीतच उघडण्याची अट आरंभीच घालावी.