आजोळच्या माळ्यावरच्या वस्तू : भाव कोणाला विचारायचा?

वाईचं आजोळचं घर विकायचं ठरलं आणि माळा उतरवायला घेतला. तांब्याचा बंब, दोन घंगाळं, हंडे-कळश्या, समया, लंबकाचं घड्याळ, पेटीसारखा बंद होणारा एचएमव्हीचा ग्रामोफोन, काचेत मढवलेली लक्ष्मी आणि पानाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेले अकरा रुपये. तिसऱ्याच दिवशी एक गृहस्थ टेम्पो घेऊन दारात. सगळं मिळून एकच आकडा, पैसे रोख. आई तयार होती, कारण ते सामान तिला डोळ्यांसमोर नको होतं. मामाने थांबवलं. पुढचे चार महिने मी एकेक वस्तू घेऊन फिरले. नुसत्या बंबाला चौघांनी चार भाव सांगितले, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता.

तुमच्याही घरी असा पसारा मांडलेला असेल तर आधी एवढं ठरवा: भाव हवाय कशाला? विकायला, भावंडांत वाटणी करायला, की ठेवून विमा उतरवायला? कोणाकडे जायचं ते यावरून ठरतं.

मोडवाला आणि तांबट

मोडीचा भाव म्हणजे तळ. त्याच्या खाली वस्तू द्यायची नाही, म्हणून तो आपला आपण काढून ठेवायचा. तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंडी कड्या आणि जाळी काढून घरच्या काट्यावर वजन करा आणि त्या दिवसाचा मोडीचा दर दोन दुकानांत विचारा. दुकानात तांब्या-पितळेचा एकत्र ढीग टाकला की सगळ्याला पितळेचा दर लागतो. डाग दिलेले सांधे आणि आतली घाण यांपोटी काही घट धरतात, ते रास्त आहे. पण घट किती धरणार, हे वजनाआधी बोलून घ्यावं. एक खूणगाठ बांधा: जर्मन सिल्व्हरच्या ताटात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्ताचा तो मिश्र धातू. आमच्या मामीने अशी दोन ताटं कित्येक वर्षं कपाटात कुलपाआड जपली होती.

तांबट मोडवाल्यापेक्षा वेगळं पाहतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत मी आमचं मोठं घंगाळ नेलं. तिथल्या कारागिराने आधी ते उजेडाकडे तिरकं धरलं, मग काठावरून बोट फिरवलं. मठारलेल्या भांड्यावर हातोडीच्या खुणा ओळीने असतात, पण एकीसारखी दुसरी नसते. यंत्रावर दाबलेल्या पत्र्यावर नक्षी अगदी एकसारखी उमटते. हे भांडं घडीव आहे, आज असं करायचं तर घडणावळ केवढी होईल, बंबाचं बुड बदलता येईल का, हे तिथे कळतं. मोडवाल्याच्या हिशेबात घडणावळीला शून्य किंमत. वापरायला ठेवायचं भांडं असेल तर तांबटाचा शब्द माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचा.

तिथेच कारागिराने काठाखाली बोट ठेवून थांबायला सांगितलं. टिंबाटिंबांनी घातलेलं नाव होतं, पणजीचं. आम्ही ते भांडं लहानपणापासून पाहत आलो, पण काजळीखाली ते कधी दिसलं नव्हतं. ओलं फडकं फिरवून विजेरी बाजूने धरली तेव्हा नावापुढे ‘शके १८४१’ असं वाचता आलं. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९१९ साल. मोडीच्या भावात या अक्षरांचं काही मिळत नाही. व्यापाऱ्याकडे थोडा फरक पडतो. पण हे भांडं कोणाचं, कधीचं, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते, दिवे, भांडी पाहा. दिनकर केळकरांनी ती घराघरांतून गोळा केली आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. आपल्याला अडगळ वाटणाऱ्या वस्तूंत काय पाहायचं असतं, ते तिथे दोन तासांत डोळ्यांना कळतं. भाव विचारायला बाहेर पडण्याआधी तिथे जाऊन या, असं मी आग्रहाने सांगेन.

जुन्या वस्तूंचा व्यापारी

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. इथे मिळतो तो खरेदीचा भाव. दुकानाचं भाडं, दुरुस्ती आणि गिऱ्हाईक येईपर्यंतची वाट, हे सगळं त्यातून वजा झालेलं असतं. विक्रीच्या किमतीपेक्षा तो बराच खाली असणार, यात फसवणूक काही नाही. फसगत होते ती उक्तं दिल्यावर. टेम्पोवाले गृहस्थ उक्त्याचाच आकडा सांगत होते. अशा ढिगात एखादी वस्तू बाकी सगळ्यांचे पैसे फेडणारी असते आणि ती कोणती, हे घेणाऱ्याला माहीत असतं. म्हणून प्रत्येक वस्तूचा भाव सुटा मागा आणि किमान दोन व्यापाऱ्यांना दाखवा.

घड्याळ आणि ग्रामोफोन यांसाठी व्यापारीच बरा. तो वस्तूचा मूळपणा आणि पुरेपणा पाहतो: तबकडी मूळची की नंतर रंगवलेली, लंबक त्याच घड्याळाचा का, किल्ली आहे का, पाठीमागे कंपनीचा कागद शिल्लक आहे का. त्यामुळे सुटे पडलेले स्क्रू, तुटलेला कोपरा, रिकामी डबी, काहीही फेकू नका. ग्रामोफोनच्या बाबतीत चकाकत्या पितळी कर्ण्याला भुलू नये. जुन्या पेटीचं यंत्र नव्या खोक्यात घालून वर नवा कर्णा चढवलेले ग्रामोफोन आपल्याकडे ढिगाने बनतात. आमचा बिनकर्ण्याचा, हातात धरून न्यायचा, म्हणून अस्सल निघाला. पण तो नमुना फार मोठ्या संख्येने निघालेला, त्यामुळे भाव बेताचाच. अस्सल असणं वेगळं आणि दुर्मिळ असणं वेगळं, हे व्यापाऱ्याने मला नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

सराफ की नाणेसंग्राहक?

इथे दोघांच्या भावात सर्वांत जास्त तफावत पडते आणि हिशेबही घरी करता येतो. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, सुमारे ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. आमच्या अकरांत आठ १९२२ पर्यंतचे, दोन चाळीसच्या दशकातले आणि एक १९४७ चा. काट्यावर एकूण वजन भरलं सुमारे १२८ ग्रॅम, शुद्ध चांदी मात्र ९७ ग्रॅमच्या आसपास. हा आकडा खिशात ठेवून सराफाकडे जा.

सराफाला साल दिसत नाही, त्याला चांदी दिसते. कडी डागून गळ्यात घातलेली, झिजलेली नाणी त्याच्याकडेच द्यावीत, कारण संग्राहकाला ती नकोच असतात. बाकीची मात्र आधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतका बारीक सोंडेचा उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. तक्रारी झाल्या, नाणी परत मागवली, बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. म्हणून त्या सालाला जास्त मागणी. १९३९ चा रुपयाही दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याची नक्कलही होते.

आमच्यात एक १९११ चा होता. मावशीने मला पाठवण्याआधी तो चिंच लावून, वर पितांबरीने घासून लख्ख केला. तिने ते किती मायेने केलं होतं, ते मला माहीत आहे. जाणकाराने भिंगातून एकदा पाहिलं आणि हळूच खाली ठेवला. घासल्याचे बारीक ओरखडे सगळीकडे पसरले होते. वर्षानुवर्षं साचलेली ती काळसर झाक हीच नाण्याची राखण असते. नाणी घासू नका, पुसूही नका.

लिलावगृह

काचेत मढवलेली लक्ष्मी घेऊन मी इथे गेले, कारण छापील चित्राला मोडीचा भाव नसतो आणि व्यापारी चौकटीच्या लाकडाकडेच जास्त पाहत होता. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९०६ साली रविवर्मा वारल्यानंतरही कितीतरी वर्षं चित्रं छापली जात राहिली. तळाशी ‘रविवर्मा प्रेस’ असलं म्हणून चित्र रविवर्म्याच्या हयातीतलं ठरत नाही. पुण्याच्या चित्रशाळेची १८७८ पासूनची छापील चित्रंही घरोघरी सापडतात, त्यांच्याकडे लोक फारसं पाहत नाहीत, हे मला खटकतं.

दहा पटींचं भिंग घ्या. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके लहान-मोठे, अनियमित दिसतात. आजच्या छपाईत ते जाळीसारखे शिस्तीत बसलेले असतात. कडा न कापलेल्या हव्यात, कारण छापखान्याचं नाव तिथेच असतं. चौकट लहान पडली म्हणून कडा कापलेली चित्रं पुष्कळ दिसतात. काही घरांत देवीला जरी, टिकल्या, कापडाची साडी चिकटवलेली असते, ती काढून ‘साफ’ करू नका. आणि चौकट घरी उघडू नका. कागद काचेला चिकटलेला असेल तर चेहराच काचेवर येतो.

लिलावगृहाचा अंदाज हा दोन आकड्यांमधला पल्ला असतो, हाती येणारी रक्कम नव्हे. बोलीवर खरेदीदाराकडून वेगळं शुल्क घेतात, आपल्याकडून दलाली घेतात, शिवाय छायाचित्रण, विमा आणि वाहतूक कोणाकडे, ते करारात पाहावं लागतं. मागच्या लिलावांचे छापलेले आकडे बहुधा खरेदीदाराचं शुल्क धरून असतात. किमान राखीव किंमत लिहून घ्या. ती गाठली नाही तर वस्तू परत घरी येते आणि ‘न विकलेली’ हा शिक्का तिच्या मागे लागतो. एक-दोन ठळक वस्तूंसाठी लिलाव योग्य, हंडे-कळश्यांसाठी मुळीच नाही.

इंटरनेटवरचा भाव म्हणजे कोणीतरी मागितलेली किंमत. झालेल्या विक्रीचे आकडे दिसत असतील तरच ते उपयोगाचे. जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असं सांगणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला आहे.

मूल्यांकक

फी देऊन लेखी अहवाल घ्यायचा, तोही जो माणूस वस्तू विकत घेणार नाही त्याच्याकडून. विकायचं असेल तर हा खर्च बहुतेक वस्तूंना परवडत नाही. वाटणीत मात्र याच्याइतकं उपयोगी काही नाही. आमच्याकडे भांडण होता होता राहिलं ते नेमकं यावरून: भांडी मोडीच्या भावाने धरली होती आणि चित्र लिलावाच्या वरच्या आकड्याने. चित्र ज्याच्या वाट्याला येईल तो नुकसानीत. सगळ्या वस्तूंना एकाच प्रकारचा भाव लावला की वाटणी सरळ होते.

कराचाही प्रश्न इथेच सुटतो. घरच्या वापराच्या भांड्यांना भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना लागतो. १ एप्रिल २००१ च्या आधीपासून कुटुंबात असलेल्या अशा वस्तूची त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. म्हणून अहवालात आजचा आणि त्या दिवशीचा, असे दोन्ही आकडे मागून घ्या.

ज्यांचा भाव विचारायचाच नाही

घरात सांबरशिंग, हस्तिदंती डबी किंवा वाघाचं कातडं निघालं तर ते विकायला काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची विक्री बंद आहे. वारसाहक्काने आलेल्या वस्तूचीही मालकीची कागदपत्रं लागतात, वनखात्यात चौकशी करा.

परदेशातल्या नातलगांचंही ऐकून घ्या. न्यू जर्सीच्या मामेभावाने पणजीचं घंगाळ मागितलं. पण १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याच्यावर तर सालच कोरलेलं. त्याला पितळेच्या दोन समया दिल्या, त्यांचं वय तितकं नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून घ्यायचं काम चालू आहे.

घड्याळ आणि ग्रामोफोन व्यापाऱ्याकडे सुटे गेले. फुटके हंडे मोडीत दिले. आठ जुन्या रुपयांतले सात आणि चाळीसमधले दोन सराफाकडे. घासलेला १९११ चा मावशीकडेच राहिला. बंब तांबटाकडे बुड बदलायला दिला आहे, तो मामाकडे जाईल. घंगाळ माझ्याकडे आहे. लक्ष्मीचा लेखी अंदाज आई आणि दोन्ही मावश्यांकडे पोचला आहे, ती विकायची की आळीपाळीने ठेवायची, हे त्या तिघी दिवाळीत बसून ठरवणार आहेत.