शाईचे पेन घेताना: ड्रॉपरने भरायचे की कन्व्हर्टरचे?

शाईच्या पेनाकडे पुन्हा वळणाऱ्या माणसाला दुकानात निब बारीक हवे की मध्यम हे विचारले जाते, रंग दाखवले जातात, किंमत सांगितली जाते; त्या पेनात शाई साठते कुठे आणि भरायची कशी, हा प्रश्न मात्र बहुधा घरी आल्यावर पडतो. माझ्या मते रोजच्या लेखनात सर्वाधिक फरक याच गोष्टीने पडतो. मी दोन्ही प्रकारची पेने दीर्घकाळ वापरली आहेत आणि अजूनही दोन्ही टेबलावर आहेत, तरी लिहायला बसल्यावर हात कोणत्या पेनाकडे जातो हे मला ठाऊक आहे.

ड्रॉपरने भरायच्या पेनात सबंध नळी हीच शाईची टाकी असते. आपल्याकडची जुनी देशी पेने याच घडणीची. स्वदेशीच्या काळात आंध्रातल्या राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेने लेथवर घडवायला सुरुवात केली आणि १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पेनाबद्दल आभाराचे पत्र लिहिले. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला, ज्याचे पुढे कॅम्लिन झाले. पेन देशी, शाई देशी आणि मध्ये फक्त एक काचेचा ड्रॉपर, अशी ती साधी जोडणी होती. कन्व्हर्टर ही काडतुसाच्या, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी बसवायच्या, पेनांसोबत आलेली सोय: काडतुसाच्या जागी बसणारी एक छोटी नळी, तिच्यात दट्ट्या, आणि मागची कळ फिरवली की दौतीतून शाई वर ओढली जाते.

कन्व्हर्टरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शाईचा रंग वरचेवर बदलण्याची हौस असेल, तर निब पाण्यात बुडवून कळ दोन्ही दिशांना फिरवत राहिले की पेन लवकर स्वच्छ होते. भरताना बोटे सहसा निळी होत नाहीत, कारण निबावरची शाई टीपकागदाने टिपली की काम संपते. दौतीत शाई तळाला गेली की निब पुरते बुडत नाही आणि उरलेली शाई वाया जाते, ही अडचण आहे खरी, पण ती किरकोळ म्हणावी लागेल. मोठा फरक साठ्याचा आहे. कन्व्हर्टरमध्ये साधारण अर्धा ते पाऊण मिलिलिटर शाई मावते, तर एबोनाइटच्या मध्यम आकाराच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर सहज बसते. जो दिवसाकाठी चार ओळी आणि एक सही करतो, त्याला या फरकाचे काही वाटणार नाही. जो पानामागून पान लिहितो, त्याला वाटेल.

ड्रॉपरच्या पेनाचा दोष सर्वश्रुत आहे: ते गळते. मात्र ते केव्हा गळते आणि का गळते, हे समजून घेतले की त्या दोषाची भीती बरीच कमी होते. नळी भरलेली असताना आत हवा थोडी असते. शाई उतरत गेली की तिची जागा हवा घेते, हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि खालच्या शाईला निबाकडे ढकलते, मग निबाला शाई पोहोचवणाऱ्या, निबाखालच्या जिभेत मावेनाशी झालेली शाई थेंबाच्या रूपाने कागदावर पडते. म्हणजे त्रास जवळजवळ नेहमी शेवटच्या पाव नळीत होतो. एबोनाइट हे गंधक मिसळून कडक केलेले रबर आहे, त्यातून उष्णता सावकाश जाते, आणि हाताने घडवलेल्या पेनांच्या भिंतीही जाड असतात, त्यामुळे पातळ प्लास्टिकच्या किंवा धातूच्या नळीपेक्षा ही पेने बरीच शहाण्यासारखी वागतात. हवेच्या दाबाचे मात्र भान ठेवावे लागते. मुंबईहून पुण्याला घाट चढून येताना बाहेरचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो, आणि अर्धे रिकामे पेन पिशवीत आडवे पडलेले असेल तर टोपणात शाई सापडते. निघण्यापूर्वी पेन काठोकाठ भरावे किंवा पूर्ण रिकामे करावे, आणि निब वर राहील असे ठेवावे. एवढी काळजी माझ्या अनुभवात पुरली आहे.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा कल ठरला, ती सांगतो. कन्व्हर्टरची नळी अरुंद असते, आणि पृष्ठताणामुळे शाई कधी कधी तिच्या मागच्या टोकाला, दट्ट्याला चिकटून बसते. पेन निब खाली करून धरले तरी ती खाली उतरत नाही. मधल्या जागेत हवेचा फुगा असतो आणि जीभ कोरडी पडत जाते. हे एकदम घडत नाही, म्हणूनच अधिक त्रासदायक आहे. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांचे इतिवृत्त हाताने लिहितो, त्यामुळे वाक्य लांबले तरी हात थांबवून चालत नाही. आधी अक्षर किंचित फिकट होते, मग ‘व्यवस्थापन’मधल्या ‘व्य’चा दांडा पुसट येतो, मग लांब शब्दाची शिरोरेषा मध्येच तुटते आणि निब नुसते कागदावर खरवडते. पेन उघडून पाहावे तर कन्व्हर्टर निम्मा भरलेला. टिचकी मारावी, कळ थोडी फिरवून शाई पुढे ढकलावी, की पुन्हा पानभर ठीक चालते. पण तोवर समोरचा वक्ता दोन मुद्दे पुढे गेलेला असतो. काही कन्व्हर्टरमध्ये यासाठी बारीक पोलादी गोळी किंवा स्प्रिंग घातलेली असते आणि तिचा उपयोग होतो. काही शायांच्या बाबतीत हा त्रास जवळजवळ जाणवत नाही, हेही नोंदवले पाहिजे. तरीही आपले पेन आणि आपली शाई यांचे जमेल की नाही, हे विकत घेतल्यानंतरच कळते.

ड्रॉपरच्या पेनाची खोड केव्हा उद्भवणार ते आधी माहीत असते, कन्व्हर्टरची माहीत नसते, आणि माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. एबोनाइट अपारदर्शक असल्याने आत किती शाई उरली ते दिसत नाही, म्हणून मी वाट पाहत नाही. रविवारी सकाळी वर्तमानपत्राचा कागद पसरून, दौत आणि ड्रॉपर काढून पेन भरून घेतो. नळीत थेंब थेंब सोडताना शाईची पातळी आट्यांच्या खाली येऊन थांबते, तिथे हात आवरायचा, आट्यांवरून कापड फिरवायचे आणि पेन घट्ट बंद करायचे. हे काम मला मनापासून आवडते आणि ते टाळण्यासारखे कधी वाटले नाही. ज्यांना हाच वेळ जाचक वाटेल, ज्यांचा प्रवास विमानाचा असतो किंवा ज्यांना महिन्यात चार रंग हवे असतात, त्यांनी कन्व्हर्टरच घ्यावा. त्यांना माझ्या पसंतीने लाभ होणार नाही.

निर्णय होत नसेल तर तमिळनाडूतील तिरुवल्लूरच्या रंगा यांसारख्या देशी कारागिरांची अशी एबोनाइटची पेने मिळतात, ज्यांत कन्व्हर्टर बसतो आणि तो काढून नळीत थेट शाईही भरता येते. साधे कन्व्हर्टरचे पेन असे वापरायचे असल्यास नळीच्या तळाला छिद्र नाही आणि आत धातूचा भाग नाही, याची आधी खात्री करावी. आट्यांना शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, पहिल्या वेळी शाईऐवजी पाणी भरावे, आणि पेन निब खाली करून टीपकागद घातलेल्या पेल्यात रात्रभर ठेवावे. सकाळी आट्यांच्या जोडापाशी ओल दिसली नाही, तर शाई भरायला हरकत नाही.